निळ्या खोल्यांचा हट्ट सोडा, पण सीमा बघाच

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑक्टोबरमध्ये पाच दिवस सोलला जाणार, बरोबर ७३ वर्षांचे निवृत्त सुभेदार वडील आणि अकरा वर्षांची मुलगी. दोन कोरियांमधली सीमा बघायची आहे, आणि त्यातही त्या निळ्या खोल्या, जिथे टेबलाच्या अलीकडे दक्षिण आणि पलीकडे उत्तर. टूर घ्यावी की आपलं आपण जावं? टूरमध्ये दाखवतात तो सीमेखालचा बोगदा वडिलांना झेपेल का? धोका कितपत? आणि मुलीला यातलं काय कळणार?

ताई, मी चौदा वर्षं मराठी मंडळींचे ग्रुप कोरियाला नेतोय. या सीमेवर किती वेळा गेलो ते मोजायचं कधीच सोडून दिलं. त्या अनुभवावरून सांगतो: जा, नक्की जा, वडिलांना आणि मुलीलाही न्या. फक्त निळ्या खोल्यांभोवती सगळा बेत बांधू नका. त्या मिळाल्या तर उत्तम. पण त्या न मिळाल्याने हिरमुसून परतलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या नादात समोर जे होतं ते त्यांनी धड पाहिलंच नाही.

आधी नावांचा गोंधळ मिटवू, कारण फसवणूक तिथेच होते. २७ जुलै १९५३ ला सीमेवरच्या पानमुनजॉम या जागी कोरियन युद्धातल्या युद्धविरामाच्या करारावर सह्या झाल्या. शांततेचा तह आजतागायत झालेला नाही, आणि त्या विरामावरही दक्षिण कोरियाची सही नाही. त्या दिवशी फौजा जिथे होत्या तिथून एक रेघ ओढली. रेघेपासून दोन्हीकडे दोन-दोन किलोमीटर मागे हटायचं ठरलं. हा जो चार किलोमीटर रुंद आणि सुमारे २५० किलोमीटर लांब पट्टा तयार झाला, तोच डीएमझेड, म्हणजे निर्लष्करी पट्टा. प्रत्यक्ष रेघेवर कुठेही भिंत नाही, ठरावीक अंतरावर गंजत चाललेल्या पाट्या आहेत. तारांचं कुंपण लागतं ते पट्ट्याच्या कडेला. त्याच्याही दक्षिणेला काही किलोमीटरवर आणखी एक रेघ आहे, जिच्या पुढे परवान्याशिवाय नागरिकांना जाता येत नाही. सगळे सीमेच्या रेघेला ‘३८वं अक्षांश’ म्हणतात, पण ती १९४५ ची वाटणी. आजची रेघ त्या अक्षांशाला तिरकी छेदते, पश्चिमेला त्याच्या खाली आणि पूर्वेला वर.

जेएसए म्हणजे संयुक्त सुरक्षा क्षेत्र, या पट्ट्यातला, पानमुनजॉमचा जेमतेम ८०० मीटरचा तुकडा. निळ्या खोल्या तिथे. खोल्यांच्या मधल्या बोळात पायरीएवढाही नाही असा सिमेंटचा एक कठडा आहे, तीच सीमा. पूर्वी तोही नव्हता, दोन्हीकडचे पहारेकरी त्या आवारात सगळीकडे फिरत. १८ ऑगस्ट १९७६ ला एका पॉप्लरच्या झाडाने दक्षिणेच्या चौकीची नजर अडते म्हणून फांद्या तोडायला माणसं गेली. उत्तरेच्या सैनिकांनी त्यांच्याच कुऱ्हाडी उचलून दोन अमेरिकन अधिकाऱ्यांना ठार केलं. त्यानंतर आवाराचीही वाटणी झाली आणि कठडा आला.

जेएसएचा परवाना संयुक्त राष्ट्रांच्या लष्करी कमांडच्या हातात असतो. जुलै २०२३ मध्ये टूरवर आलेला एक अमेरिकन सैनिक धावत जाऊन रेघ ओलांडून उत्तरेत गेला, आणि तेव्हापासून सामान्य पर्यटकांसाठी हे दार बराच काळ बंद आणि अधूनमधून किलकिलं, असं चाललं आहे. तुम्ही जाल तेव्हाची स्थिती निघण्याच्या आठवड्यातच पक्की कळेल. मात्र काही विक्रेते अजूनही जाहिरातीत निळ्या खोल्यांचे फोटो लावून साधी डीएमझेड टूर विकतात. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: “बस पानमुनजॉमच्या आत, निळ्या इमारतींपर्यंत जाते का?” उत्तर आढेवेढे घेत आलं तर समजून जा. आणि खरंच जाणारी टूर मिळाली, तर पासपोर्टची प्रत आधीच मागतील, काही देशांच्या नागरिकांची वेगळी छाननी होते, म्हणून जितक्या लवकर पाठवाल तितकं बरं. फाटकी जीन्स, हाफपँट, चपला चालत नाहीत. एका कागदावर सही द्यावी लागते. शत्रूच्या कारवाईत इजा किंवा मृत्यू होऊ शकतो हे मला ठाऊक आहे, असा त्याचा अर्थ. आत गेल्यावर पलीकडे बोट दाखवायचं नाही, हात हलवायचा नाही.

साधी डीएमझेड टूर मात्र सहज मिळते आणि तुमच्यासाठी तीच योग्य आहे. बोगदा आणि जिथून उत्तर दिसते ती दोरा टेकडी परवान्याच्या आतल्या हद्दीत असल्याने तिथे आपली गाडी किंवा टॅक्सी घेऊन भटकता येत नाही. सोलहून निघणारी अर्ध्या दिवसाची टूर घ्या, किंवा त्या हद्दीच्या अलीकडे असलेल्या इमजिनगाक या जागी पोहोचून तिथल्या खिडकीवर त्याच दिवसाचं तिकीट काढून त्यांच्या बसमध्ये बसा. दुसऱ्या प्रकारात जागा मर्यादित, रांग सकाळपासून. वडील बरोबर आहेत, तर सोलहूनच टूर घ्या. सोमवारी बंद असते, आणि राष्ट्रीय सुट्ट्यांनाही. ऑक्टोबर म्हणालात म्हणून विशेष सांगतो: चुसोक हा त्यांचा मोठा सण आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला येतो, कधी सप्टेंबरात, कधी ऑक्टोबरात. तारीख आधी पाहा.

मूळ पासपोर्ट तिघांचाही हवा. झेरॉक्स नाही, मोबाइलमधला फोटो नाही. हे मी आदल्या रात्री सांगतो, सकाळी लिफ्टपाशी सांगतो आणि बसच्या पायरीवर पुन्हा सांगतो. तरी एकदा एक काका हॉटेलच्या तिजोरीत पासपोर्ट ठेवून आले. नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी बस थांबते, विशी-बाविशीचा सैनिक वर चढतो, प्रत्येकाचा चेहरा आणि पासपोर्ट ताडून पाहतो. काकांना इमजिनगाकलाच थांबावं लागलं. त्यांच्या सौभाग्यवती आत जाऊन आल्या आणि परतीच्या वाटेवर गप्प गप्प होत्या. ते मला अजून लागून राहिलं आहे.

त्या पुलाचीही एक गोष्ट आहे, ती मुलीला नक्की सांगा. ह्युंदाई कंपनीचे संस्थापक चुंग जू-युंग मूळचे आज उत्तरेत असलेल्या एका खेड्यातले. पोरवयात वडिलांची गाय विकून आलेले पैसे घेऊन ते घरातून पळाले. १६ जून १९९८ ला, वयाची ऐंशी उलटल्यावर, ट्रकांमध्ये ५०० गुरं भरून ते याच पुलावरून पानमुनजॉममार्गे उत्तरेत गेले. ऑक्टोबरमध्ये आणखी ५०१ नेली. एकूण १००१. हजार ही भेट, आणि वरची एक ती वडिलांची.

आता बोगदा. उत्तरेने रेघेखालून दक्षिणेकडे खणलेले चार बोगदे सापडले आहेत. तुम्हाला दाखवतात तो तिसरा. उत्तरेतून आलेल्या एका माणसाने माहिती दिली, मग दक्षिणेने संशयित जागी ठिकठिकाणी बोअर मारून त्यात पाणी भरून ठेवलं. १९७८ च्या जूनमध्ये त्यातल्या एका बोअरमधून पाण्याचा फवारा उडाला, खाली सुरुंग फुटला होता. ऑक्टोबरात बोगदा हाती लागला. जमिनीखाली ७३ मीटर, साधारण दोन मीटर उंच, दोन मीटर रुंद, १,६३५ मीटर लांब, आणि रेघेच्या अलीकडे ४३५ मीटर आलेला. उत्तरेने म्हटलं, ही कोळशाची खाण आहे. भिंतींना काळं फासलेलं आजही दिसतं, पण खडक ग्रॅनाइटचा आहे. बोटाने पुसा, बोट काळं होतं. सुरुंगाची भोकं पिवळ्या रंगाने खुणावली आहेत, त्यांची दिशा पाहिली की काम कुठल्या बाजूने चाललं होतं ते मुलीलाही कळेल.

बोगद्यापर्यंत जायला दक्षिणेने स्वतः खणलेला ३५८ मीटरचा उतार आहे. उतरताना काही वाटत नाही. फसगत होते ती तिथेच. मूळ बोगद्यात हेल्मेट घालून, पाठ वाकवून, ठिबकत्या छताखालून तिसऱ्या काँक्रीटच्या भिंतीपर्यंत जायचं, तिथल्या झरोक्यातून पलीकडची भिंत बघायची आणि मागे फिरायचं. मग तोच ३५८ मीटरचा चढ. दमट हवा, मागून येणारी माणसं, थांबलं तर आपण वाट अडवतोय असं वाटणं. माझ्या ग्रुपमधल्या धडधाकट माणसांचाही घाम निघतो. वडिलांना हृदयाचा, दम्याचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर त्यांना आत नेऊ नका. कधीकधी छोटी मोनोरेल चालते, पण तिच्या भरवशावर जाऊ नका. त्रास काही नसेल तर जाऊ द्या, चढावर मधे मधे बाकं आहेत, प्रत्येक बाकावर दोन मिनिटं बसायचं असं आधीच ठरवून टाका. निवृत्त फौजी माणूस “मला काय होतंय” म्हणणारच, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. फोटो आत काढता येत नाहीत, मोबाइल बाहेर कपाटात ठेवावा लागतो.

दोरा टेकडीवरच्या ऑब्झर्व्हेटरीत सगळं हवेवर. ऑक्टोबर त्या दृष्टीने सर्वात चांगला, पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला समोर नुसता पांढरा पडदा असतो. दुर्बीण लावा आणि घाई करू नका. आधी झेंडे सापडतात. दक्षिणेचं देसाँगदाँग आणि उत्तरेचं किजाँगदाँग, पट्ट्याच्या आतली ही समोरासमोरची दोन गावं. दक्षिणेने सुमारे १०० मीटरचा खांब उभारला, तर उत्तरेने १६० मीटरचा. देसाँगदाँगच्या लोकांना कर नाही, सक्तीची लष्करसेवा नाही, पण रात्री घरोघरी माणसं मोजली जातात आणि वर्षातल्या ठरावीक रात्री गावात काढल्या नाहीत तर तिथे राहण्याचा हक्क जातो.

झेंड्यांच्या मागे केसाँग शहर. अलीकडे दोघांनी मिळून चालवलेली औद्योगिक वसाहत, फेब्रुवारी २०१६ पासून बंद. तिथलं संपर्क कार्यालय उत्तरेने जून २०२० मध्ये स्फोटाने उडवलं. डोंगर बघा. दक्षिणेचे गर्द हिरवे, उत्तरेचे बरेचसे बोडके. सरपणासाठी आणि उतारावर शेती करण्यासाठी झाडं गेली. मग शेतात एखादा ठिपका हलताना दिसतो. सायकलवरचा माणूस, किंवा वाकलेली बाई. एका खेपेला माझ्या ग्रुपमधल्या शिक्षिकाबाई दुर्बिणीपाशी बराच वेळ उभ्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “तो आत्ता घाम पुसायला थांबला.” तेवढंच.

टूरमध्ये दोरासान रेल्वे स्टेशन असेल तर अवश्य घ्या, हल्ली सगळ्या टूरमध्ये नसतं. लखलखीत इमारत, रिकामे फलाट, आणि पाटीवर एकीकडे सोल ५६ किलोमीटर, दुसरीकडे प्योंगयांग २०५ किलोमीटर. डिसेंबर २००७ पासून वर्षभर इथून मालगाड्या खरंच पलीकडे जात होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये उत्तरेने आपल्या हद्दीतले जोडरस्ते सुरुंगाने उडवले.

आता ज्याच्यासाठी हे एवढं लिहितोय ते. इमजिनगाक. टूरवाले तिथे वीस-पंचवीस मिनिटं देतात. स्वच्छतागृह, कॉफी, फोटो, चला बसा. माझं ऐका आणि परतीच्या वेळी बसमधून तिथेच उतरायची परवानगी मागा, आणि मग ट्रेनने किंवा टॅक्सीने सोलला या. नाहीतर वेगळा अर्धा दिवस द्या. ही जागा आतल्या हद्दीबाहेर आहे, परवाना लागत नाही.

तिथे एक वाफेचं इंजिन उभं आहे. युद्धात जांगदान स्टेशनात अडकलं आणि पुढे पन्नासहून जास्त वर्षं डीएमझेडमध्ये गंजत पडलं. अंगावर गोळ्यांची १,०२० भोकं मोजली आहेत. त्याच्यावर उगवलेलं तुतीचं झाडही शेजारी आणून लावलंय. जवळच लाकडी ‘स्वातंत्र्य पूल’, १९५३ मध्ये १२,७७३ युद्धकैदी या वाटेने दक्षिणेत परतले. आणि त्याच्या अलीकडे मांगबेदान, उत्तरेकडे तोंड केलेली दगडी वेदी.

ज्यांची गावं, आईवडिलांच्या कबरी पलीकडे राहिल्या ते सणाला इथे येतात. एका वर्षी आमची टूर चुसोकमुळे रद्द झाली म्हणून मी ग्रुपला इथे घेऊन आलो होतो. चुसोकला पूर्वजांना पान वाढायची रीत आहे, आणि बहुतेक वर्षी आपला पितृपंधरवडाही त्याच सुमारास येतो, त्यामुळे आमच्या मंडळींना समजावून सांगावं लागलं नाही. एक ऐंशीच्या घरातले आजोबा नातवाबरोबर आले. काळा सूट, पायात पांढरे मोजे. नातवाने चटई अंथरली, पिशवीतून नासपती, पर्सिमन आणि सुकी मासळी काढली. पर्सिमन घरंगळलं, ते आजोबांनी स्वतः उचललं, बाहीला पुसलं आणि देठ वर करून पुन्हा मांडलं. वाटीत दारू ओतली, दोनदा गुडघे आणि कपाळ टेकून नमस्कार केला. दुसऱ्या नमस्कारानंतर बराच वेळ उठले नाहीत. नातू हात पुढे करून उभा होता, पण त्याने घाई केली नाही. आमच्यातल्या एका मावशींनी पदर डोक्यावर घेतला. कोणी कॅमेरा काढला नाही. मला त्याचं फार समाधान वाटलं.

ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या भेटी सरकारी पातळीवर अधूनमधून झाल्या, शेवटची ऑगस्ट २०१८ मध्ये. नाव नोंदवलेल्यांपैकी बहुतेक जण भेटीविनाच गेले. म्हणून तिथे चेष्टामस्करी, सैनिकासारखी पोझ देऊन फोटो, हे करू नका. उत्तरेतून पळून आलेली एखादी व्यक्ती टूरमध्ये बोलणार असेल तर तिला घरच्यांबद्दल आपणहून खोदून विचारू नका. तिने सांगितलं तर ऐका.

तुमच्या वडिलांसाठी एक वेगळी गोष्ट. युद्धविरामानंतर बावीस हजारांहून जास्त कैदी असे होते ज्यांना मायदेशी परतायचं नव्हतं. त्यांचा निर्णय घेणाऱ्या तटस्थ आयोगाचे अध्यक्ष होते भारताचे जनरल थिमय्या, आणि कैद्यांच्या पहाऱ्यावर भारताची फौज. तिचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आपले कोल्हापूरकडचे. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, तेव्हा त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट डीएमझेडमध्ये उतरवावं लागलं. तिथल्या छावणीचं नाव ‘हिंद नगर’. कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाआड धरून ठेवलं तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. दोरा टेकडीवर उभं राहून हे वडिलांना सांगा. मी फौजी माणसांना तिथे सांगतो, आणि ते ताठ होतात.

धोक्याचं विचारलंत. लष्कराला जराही शंका आली तर टूर त्या सकाळीच रद्द होते, त्यामुळे खरा धोका आहे तो बेत फसण्याचा. म्हणून सीमेचा दिवस मुक्कामाच्या सुरुवातीला ठेवा, म्हणजे दुसरी संधी उरते. आणि टूर रद्द झालीच तर ओदुसान ऑब्झर्व्हेटरी आहे, आतल्या हद्दीबाहेर, नदीपलीकडे उत्तरेची गावं दिसतात. गिम्पोजवळचं एगिबोंगही चांगलं, तिथे पासपोर्ट लागतो. आत कुठेही ठरलेली वाट सोडायची नाही, “सुरुंग” लिहिलेल्या लाल त्रिकोणी पाट्या दिखाऊ नाहीत. पुरात लाकडी पेटीतले सुरुंग वाहत येतात, म्हणून नदीकाठी पडलेल्या वस्तूला मुलीने हात लावू नये. पूर्ण दिवस मोकळा असेल तर सीमेवरचाच चोरवॉन हा भाग करा. तिथे उत्तरेच्या सत्ताधारी पक्षाच्या जुन्या कार्यालयाचा गोळ्यांनी चाळण झालेला सांगाडा उभा आहे, आणि ऑक्टोबर संपता संपता सैबेरियाकडून क्रौंच येऊ लागतात.

मुलीला काय कळेल, याची काळजी करू नका. मुलं थेट मुद्द्यावर येतात. एका दहा वर्षांच्या मुलाने मला विचारलं होतं, “मग ते आजोबा पोहून का नाही गेले?” मी त्याला नदीकाठचं कुंपण आणि टेहळणीचे मनोरे दाखवले, रस्त्याच्या बऱ्याच भागात ते आपल्या सोबत येतात. तो परत येईपर्यंत खिडकीतून मनोरे मोजत बसला.

इमजिनगाकच्या तारेवर लोक रंगीत फिती बांधतात, त्यावर निरोप लिहिलेले असतात. तिलाही बांधू द्या, मराठीत लिहिलं तरी चालतं. जाड टोकाचं, पाण्याने न पुसलं जाणारं पेन इथूनच घेऊन जा, बॉलपेनने त्या कापडावर नीट उमटत नाही.